कानापर्यंत पोचलेला हात

आमच्या बोरी अरबात साठीच्या पुढच्या कुणालाही जन्मतारीख विचारा, बरेच जण एक जुलै सांगतील. बाहेरगावच्या माणसाला वाटावं, त्या एका दिवशी गावातल्या सुईणीला पाणी प्यायलाही उसंत मिळाली नसेल. प्रत्यक्षात कुणी तान्ह्या पोळ्याला जन्मलेला, कुणी ‘तुरीले फूल आलं व्हतं तवा’, तर कुणी अडाण नदीच्या मोठ्या पुराच्या साली. तो पूर नेमका कोणत्या साली आला, यावर दोन आळ्यांचं अजून एकमत नाही. शाळेच्या दाखल्यात तुरीचं फूल लिहायला रकाना नसतो. सत्र सुरू होताना पोराचं वय पुरं भरलेलं हवं, म्हणून गुरुजींनी टाक उचलला आणि ज्याला तारीख नव्हती त्याला एक जुलै देऊन टाकला.

फुकट मिळालेल्या या तारखेची किंमत पुढे काहींना मोजावी लागली. सरकारी नोकरीत एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणजे आमचे एक जुलैवाले 30 जूनला हार-नारळ घेऊन घरी, आणि वार्षिक वेतनवाढ पडायची ती 1 जुलैला! वर्षभर राबून पदरात पडायची वाढ एका रात्रीनं हुकायची. हा वाद पार सर्वोच्च न्यायालयात गेला आणि आदल्या दिवशी निवृत्त झालेल्यालाही ती वाढ द्या, असा निकाल एप्रिल 2023 मध्ये लागला. गुरुजींनी टाक उचलताना इतक्या लांबचं पाहिलं नसणार.

पण गुरुजी अगदीच अंदाजपंचे काम करत नव्हते. त्यांच्याकडे एक मोजमाप होतं. पोराला समोर उभं करायचं आणि म्हणायचं, ‘उजवा हात डोक्यावरून घे आन् डावा कान धर.’ कान बोटांत आला की पोरगं पहिलीत. बोटं केसांतच अडकली, तर बाप त्याला पुन्हा वावरात घेऊन जायचा. आमच्या आत्याचा कान पहिल्या वर्षी चार बोटं लांब राहिला. दुसऱ्या वर्षी तो हाताला लागला, तेव्हा घरात धाकटा भाऊ सांभाळायला कुणी नव्हतं. आत्याचं शिक्षण म्हणून तिथंच आटोपलं, पण कान धरायची ती खूण तिच्या चांगली लक्षात आहे. अजूनही ती घरातल्या प्रत्येक नातवंडाची परीक्षा घेते.

या परीक्षेत शास्त्र आहे. जन्मलेल्या बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या चौथ्या हिश्शाएवढं असतं आणि हात मात्र आखूड. डोकं आपली बहुतेक वाढ पहिल्या पाच-सहा वर्षांत उरकून घेतं. हाताची हाडं सावकाश वाढतात आणि साधारण सहाव्या-सातव्या वर्षी डोक्याला वळसा घालण्याइतकी लांब होतात. दंडाचं एक हाड, कोपराखालची दोन, मनगटातली, पंजातली आणि बोटांची, अशा सगळ्यांनी मिळून तो वळसा पुरा करायचा असतो. गुरुजींनी शरीरशास्त्राचं पुस्तक कधी उघडलं नसेल, पण पोराचं वय त्याच्या हातात असतं, एवढं त्यांना माहीत होतं.

मोठ्या दवाखान्यातही तेच चालतं, फक्त कानाऐवजी मनगट बघतात. तान्ह्या बाळाच्या हातात आपण काळ्या मण्यांच्या मनगट्या बांधतो, पण त्या मनगटात सहसा एकही हाड तयार झालेलं नसतं. नुसती कूर्चा असते, आणि एक्स-रेत ती दिसत नाही. फोटोत बोटांची हाडं एकीकडे, हाताची दोन दुसरीकडे आणि मध्ये रिकामी जागा. मग पहिल्या काही महिन्यांत दोन हाडं उगवतात, तिसऱ्या वर्षाच्या आसपास तिसरं, पुढे चौथं, असं करत पहिलीत जायच्या सुमाराला सहा-सात भरतात. आठवं सगळ्यांत लहान, करंगळीच्या बाजूला तळहाताच्या मुळाशी चाचपलं तर लागतं. ते दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत वाट बघायला लावतं. सतरा-अठराच्या सुमाराला कोपराखालच्या रेडियस या हाडाचं खालचं टोक दांड्याला जुळलं, की मनगटाची नोंदवही बंद होते. डॉक्टर मंडळी डाव्या हाताचा फोटो घेतात आणि ग्रॉयलिक व पाइल यांच्या 1950 सालच्या चित्रसंग्रहाशी ताडून बघतात. डावा अशासाठी, की बहुतेकांचा तो हात कामात कमी आणि म्हणून दुखापतीतही कमी.

सोळा वर्षांखालच्या क्रिकेटमध्ये मिसरूड फुटलेले गोलंदाज उतरू लागले, तेव्हा बीसीसीआयनंही हाच रस्ता धरला. टीडब्ल्यू-3 नावाच्या पद्धतीनं खेळाडूच्या मनगटाचं वय काढतात. जन्मदाखला तालुक्याला करून मिळेल, मनगट कुठून करून आणणार?

न्यायालय मात्र गुरुजींच्या बाजूचं आहे. बाल न्याय अधिनियम, 2015 चं कलम 94 सांगतं, की वय ठरवताना आधी शाळेचा दाखला बघा. तो नसेल तर नगरपालिकेचा किंवा पंचायतीचा जन्मदाखला. आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. म्हणजे ज्या हाताकडे बघून गुरुजींनी तारीख लिहिली, त्या हाताची साक्ष तारखेच्या मागे उभी. हे ऐकून हसू येतं, पण कायद्याचंही चूक नाही. हाडावरून काढलेलं वय दोनेक वर्षांनी इकडे-तिकडे होऊ शकतं, हे न्यायालयांनी वर्षानुवर्षं मान्य केलंय. एखाद्याच्या नशिबाचा निकाल सतरा आणि अठराच्या मध्ये अडकलेला असताना दोन वर्षं थोडी नसतात.

हे सगळं मला कळलं ते पुतणीमुळं. ती यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आहे. हे महाविद्यालय 1989 साली निघालं. त्याआधी आमच्याकडच्या पोरांना डॉक्टर व्हायचं तर नागपूर नाहीतर सेवाग्राम गाठावं लागे. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली ती हाडांची पेटी घेऊन. पहिल्या वर्षाची पोरं हा संच वरच्या वर्गाकडून अर्ध्या किमतीत घेतात आणि पुढच्या वर्षी खालच्या वर्गाला विकतात. संचही अर्धाच, म्हणजे एकाच बाजूचा. हिच्या वाट्याला उजवी बाजू आली होती.

पेटी उघडली आणि घरात शांतता झाली. करंज्यांचा घाणा आत तसाच राहिला. आत्या दारातूनच म्हणाली, ‘कोनाचा हात व्हय हा?’

पुतणी म्हणाली, ‘आजी, हा अभ्यासाचा आहे.’

‘अभ्यासाचा असन मा, पन त्याच्या आधी कोनाचा व्हता?’

या प्रश्नाला पुतणीच्या पुस्तकात उत्तर नव्हतं. कायद्यात अर्धंमुर्धं आहे. 1949 च्या मुंबई शरीरशास्त्र अधिनियमानं बेवारस मृतदेह वैद्यकीय शिक्षणाला देण्याची वाट घालून दिली. पुढे देहदानही आलं. एके काळी भारतातून मानवी सांगाडे परदेशी जायचे, जगभरच्या पोरांनी ज्यांवर शरीरशास्त्र घोकलं त्यांतली पुष्कळ हाडं इथल्या गोरगरिबांची होती. सरकारनं ती निर्यात 1985 साली बंद केली. आता प्लॅस्टिकचेही संच मिळतात, स्वच्छ, हलके, आणि कोणाचेच नसलेले. आत्याला ते जास्त आवडले असते. तिनं फर्मान काढलं, की पेटी देवघराच्या भिंतीला लागून ठेवायची नाही आणि हाताळली की हातपाय धुतल्याशिवाय करंजीला शिवायचं नाही. नंतर दुपारी, सगळे लवंडल्यावर, तीच पेटीजवळ बसलेली दिसली. दंडाचं हाड हातात घेऊन त्यावरून बोट फिरवत होती. ‘बाईमानसाचं असन,’ मला म्हणाली, ‘बारीक हाय.’

खोलीत मग पाठांतर सुरू झालं. एका बाजूला 32 हाडं: हासळीचं एक, खांद्याचं पातं एक, दंडात एक, कोपराखाली दोन, मनगटात आठ, तळहातात पाच, बोटांत चौदा. दोन्हींची 64. साऱ्या देहात 206 हाडं, म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा नुसत्या हातांकडे. आपल्या सुश्रुतानं देहात 300 हाडं मोजली, आणि प्रत्येक हातापायात 30. आता गंमत बघा. हासळी आणि खांद्याचं पातं बाजूला ठेवलं, तर आजच्या मोजणीनंही हातात बरोबर 30 भरतात. मी खुशीत येऊन पुतणीला म्हटलं, ‘बघ, आपल्या लोकांना केव्हाच माहीत होतं.’ ती म्हणाली, ‘काका, त्यांनी अंगठ्यात तीन धरलीत. अंगठ्यात दोनच असतात. कोपरालाही एक वेगळं धरलंय.’ गणिताच्या पेपरात उत्तर बरोबर आणि रीत वेगळी असली की काही मास्तर पूर्ण गुण देतात. मी दिले. वाहत्या पाण्यात गवतात गुंडाळून ठेवलेल्या देहाचा एकेक थर उलगडत, नुसत्या डोळ्यांनी ज्यानं हा हिशेब केला, त्याचा एखादा गुण कापायला माझा हात धजत नाही.

या 32 जणांत मला सगळ्यांत आवडलं ते हासळीचं हाड. गळ्याखाली आडवं, किंचित वळण घेतलेलं, कातडीच्या इतकं जवळ की वाळलेल्या माणसात दुरून दिसावं. आईच्या पोटात सगळ्यांत आधी हाडपण धरतं ते हेच, पाचव्या-सहाव्या आठवड्यात, आणि त्याचं गळ्याकडचं टोक पुरतं जुळायला पंचविशी उलटते. सुरुवात पहिली आणि शेवट सगळ्यांच्या नंतर. साऱ्या हाताला धडाशी हाडानं जोडणारा दुवा हा एवढाच. खांद्याचं पातं तर पाठीवर निव्वळ स्नायूंच्या भरवशावर राहतं. सतरा स्नायू त्याला धरून असतात. कावड, पालखी, कापसाचं गाठोडं, चौघांनी मिळून द्यायचा तो शेवटचा खांदा, सगळा भार फिरून या बोटभर जाडीच्या हाडाजवळ येतो. मोटरसायकलवरून पडलेली आमची पोरं पहिल्यांदा हेच मोडून घेतात आणि पाठीवर इंग्रजी आठाच्या आकड्याचा पट्टा बांधून, छाती काढून गावभर फिरतात.

बैलाला हासळी नसते. हे कळल्यावर मला धक्का बसला. जन्मभर खांद्यावर जू वागवणाऱ्या जनावराला खांद्याचा हा दुवाच नाही! गाय, बैल, घोडा यांच्या पुढच्या पायांमध्ये धड नुसत्या स्नायूंच्या झोळीत टांगलेलं असतं. त्यांना पाय पुढे-मागे टाकायचे, बाजूला हात पसरायचे नाहीत, म्हणून त्यांचं अडत नाही. झाडावर चढणाऱ्या, फांदीला लोंबकळणाऱ्या, आणि पुढे हात पसरणाऱ्या आपल्यासारख्यांना मात्र हात छातीपासून दूर धरून ठेवणारं हाड लागतं. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. बैलाचे खांदे कोमट पाण्यानं शेकतात, हळद-लोणी चोळतात. वर्षभर पोती वाहणाऱ्या हमालाचे खांदे शेकायला पंचांगात एखादी तिथी का नाही, हे मात्र मला कुणी सांगू शकलेलं नाही.

हात पसरण्याची किंमतही आपण मोजलीय. मांडीचं हाड कमरेच्या खोल वाटीत घट्ट बसतं. दंडाचा गोळा मात्र बशीवर ठेवलेलं लिंबू. त्या गोळ्याचा जेमतेम तिसरा-चौथा हिस्सा खाली टेकतो, बाकीचा मोकळा. म्हणून हात पुढे, मागे, वर, गोल, कुठेही फिरतो, आणि म्हणूनच खांदा निखळतो तितका दुसरा कुठलाच मोठा सांधा निखळत नाही. माणसाच्या पूर्वजांनी बळकटपणा सोडून पोच घेतली. कान धरायला ती लागतेच.

या खांद्यांवरून आत्यानं पुतणीला पेचात पकडलं. ‘वणीच्या सप्तशृंगीले अठरा हात हायेत. तिचे खांदे कुठी बसवशील?’ पुतणीनं आधी हिशेब केला: 18 गुणिले 32, म्हणजे 576, सबंध माणसाच्या हाडांच्या दुपटीहूनही जास्त. मग पाठीवर अठरा पाती मांडायला निघाली आणि नवव्यालाच पाठ संपली. मूर्तिकारांनी हा प्रश्न कधी सोडवला नाही. देवीच्या दंडांमागचा भाग ते मोठ्या खुबीनं शालूत घालवतात. आमच्या जवळची माहूरची रेणुका बरी. तिथे नुसता मुखवटा, शरीरशास्त्राला शिरकावच नाही.

कोपराखालची दोन हाडं म्हणजे रेडियस आणि अल्ना. रेडियस अंगठ्याच्या बाजूला, वर बारीक, मनगटाशी रुंद. अल्ना करंगळीच्या बाजूला, कोपराशी जाड, खाली निमुळतं. तळहात आकाशाकडे केला की दोघं शेजारी-शेजारी समांतर राहतात. तळहात जमिनीकडे वळवला की रेडियस अल्नावरून आडवं जातं आणि दोघांची फुली होते. आता हे तपासून बघा: मागायला हात पुढे करतो तेव्हा हाडं सरळ असतात, द्यायला हात पुढे करतो तेव्हा एकावर एक चढतात. आमच्या गावातले काही देणगीदार आठवले आणि मला त्यांच्याबद्दल उगीचच सहानुभूती वाटली. पण या फुलीचा खरा तमाशा बघायचा तर ज्वारीची भाकर थापताना बघावा. पीठ मळताना तळवा खाली, भाकर उचलताना वर, तव्यावर टाकताना पुन्हा खाली. पुतणी पेटीतली दोन हाडं घेऊन चुलीपाशी बसली आणि आत्याच्या हाताबरोबर ती फिरवून बघू लागली. भाकरी फुगायच्या आत परीक्षेचा एक प्रश्न पाठ झाला.

अल्नाचा बाजारातला उपयोग आता सरला. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. त्यात चोवीस अंगुळं, निम्म्याची वीत. गाईचं दावं, बैलाचा कासरा, गजरा, विहिरीचा दोर, सगळं हातावर मोजलं जाई. यातली मेख म्हणजे हात कोणाचा. दोर विकणाऱ्याकडे मोजायला नेहमी आखूड हातांचा पोरगा बसलेला असे, आणि घरून दोर आणायला धिप्पाड गडी पाठवला जाई. मग दोघांच्या अल्नांची जुंपायची. 1956 च्या कायद्यानं देशात मीटर आणला आणि हे भांडण मिटलं. गजरेवाली अजून हातावरच मोजते, आणि माझ्या पाहण्यात तरी एकही गजरेवाली लांब हातांची नाही.

पंजाचा हिशेब आणखी जुना. आत्याला अंकलिपी आली नाही, पण ती बोटांच्या पेरांवर मोजते. अंगठा हा मोजणारा, आणि चार बोटांची प्रत्येकी तीन पेरं. एका हाताला डझन. अंड्यांपासून जपापर्यंत सगळं त्यावर. हातरुमालात बांधलेले पैसे सोडायच्या आत बाजारातली बेरीज तिची झालेली असते. आणि कोणता महिना एकतीस दिवसांचा, हे आम्ही शाळेत मुठीवर शिकलो. उंचवटा म्हणजे एकतीस, खळगा म्हणजे कमी. जुलै करंगळीच्या उंचवट्यावर संपतो आणि ऑगस्ट पुन्हा पहिल्या उंचवट्यावर येतो, म्हणून दोन्ही एकतीसचे. हे उंचवटे तळहातातल्या पाच लांब हाडांच्या टोकांचे, अंगठ्याचं सोडून. कॅलेंडर भिंतीवर यायच्या कितीतरी आधी मुठीत होतं.

एसटीच्या खिडकीच्या दांडीला कोपर आपटून हातात झिणझिण्या येतात, त्याला मात्र हाड जबाबदार नाही. दंडाच्या खालच्या टोकाला आतल्या अंगाला एक उंचवटा आहे, त्याच्यामागून एक मज्जातंतू जवळजवळ उघडा जातो. तिथे मार बसला की करंगळीपर्यंत वीज. यवतमाळ-दारव्हा रस्त्यावरच्या खड्ड्यांनी या मज्जातंतूची आमच्या भागातल्या प्रत्येक माणसाला ओळख करून दिलीय.

हाड मोडलं, की इथं अजून पहिलं नाव हाडवैद्याचं निघतं. मला त्यांच्या बोटांचा आदर आहे. एक्स-रे नसताना कातडीवरून चाचपून, ओढून, जुळवून, बांबूच्या कामट्या बांधून त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या लोकांना कामाला लावलं. पण त्यांची बोटं हाड ओळखतात, हाडाजवळून जाणारी रक्तवाहिनी नाही. चिंचेवरून पडलेल्या पोराचं कोपरावर मोडलेलं हाड घट्ट आवळून बांधलं, की हाताचा रक्तपुरवठा तुटतो आणि बोटं कायमची आखडून बसतात. जर्मन शल्यवैद्य फोल्कमान यानं 1881 साली याचं वर्णन केलं, त्याच्याच नावानं ही आखडण ओळखली जाते. पोराची बोटं सुजली, निळी पडली, हलवताना किंचाळू लागलं, तर बांधलेलं तेव्हाच सोडायचं आणि गाडी धरायची. एवढं एक वाक्य प्रत्येक गावच्या पारावर लिहून ठेवायला माझी हरकत नाही.

आत्या गेल्या पावसाळ्यात अंगणात घसरली, आणि पडताना हात टेकला. म्हातारपणी सगळेच असा टेकतात. मनगटाच्या वर रेडियस मोडलं आणि हात वाकडा दिसू लागला. आयर्लंडच्या एब्राहम कॉलिस या शल्यवैद्यानं 1814 साली हीच मोड वर्णिली होती. एक्स-रे त्यानंतर 81 वर्षांनी आला. 22 डिसेंबर 1895 ला रोंटगेननं आपल्या बायकोच्या हाताचा फोटो काढला आणि बोटातल्या अंगठीसकट हाडं जगाला दिसली. कॉलिसला सगळं वरूनच ओळखावं लागलं. या वाकड्या हाताला पुस्तकात जेवणाच्या काट्याची उपमा आहे. पुतणीनं ती आत्याला सांगितली आणि फसली, कारण आत्याच्या डोळ्यांपुढे बाभळीचा काटा आला. ‘नूडल्स खातात तो काटा, आजी,’ असा खुलासा झाला. लग्नाच्या पंगतीत तो आत्यानं पाहिला होता. नूडल्स तिला आवडले नव्हते. त्या काट्याचं आता घरात आगमन झाल्याचा तिला रागच आला.

यवतमाळला प्लॅस्टर घातलं. पाच-सहा आठवडे भाकर बंद. डॉक्टर म्हणाले, बाईमाणसाचं मनगट असं सहज मोडलं, की बाकीच्या हाडांचीही विचारपूस करायची. पाळी गेल्यावर हाडं विरळ होत जातात आणि ती बातमी पहिल्यांदा मनगट देतं. एक्स-रेत पुतणीनं आणखी एक जागा दाखवली, अंगठ्याच्या मुळाशी. तिथल्या सांध्याचा आकार खोगिरासारखा, म्हणून अंगठा सगळ्या बोटांना भेटू शकतो. आत्याचा तो सांधा झिजून खरखरीत झालेला. त्यात नवल नव्हतं. वेचणीच्या मुहूर्ताची सीतादही झाल्यापासून हंगाम संपेपर्यंत, उभा जन्म ती कापूस वेचत आली. बोंडातला कापूस उपटायचा तो अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटानं. वाळलेल्या बोंडाच्या टोकदार कडा बोटांना लागत राहतात. आणि मजुरी किलोवर, म्हणून बोटांना उसंत नाही.

प्लॅस्टर निघालं आणि ती पहिल्यांदा बाहेर पडली ती रेशनला. दुकानातल्या ई-पॉस मशीननं अंगठा घेतला नाही. पुसून लावला, नाही. तेल लावून लावला, नाही. तर्जनी, नाही. मधलं बोट, नाही. डाव्या हाताचीही तीच गत. मागे रांग खोळंबली. दुकानदार सवयीनं म्हणाला, ‘मावशी, दुसरं कोन्तं बोट हाय काय?’ आत्यानं करंगळीशेजारचं बोट पुढे केलं, वेचणीत ज्याला काही काम नसतं ते. मशीनवर हिरवा दिवा लागला आणि तांदूळ मिळाला.